आत्यापास

बारीकराव हे नाव त्याच्या देहाला अजिबात शोभत नव्हतं. तो खुर्चीत बसला की खुर्ची दिसेनाशी व्हायची आणि लिफ्टमध्ये शिरला की आतली दोन माणसं आपणहून जिन्याने निघायची. नाव पडलं ते कामावरून. टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, लोकांना वेबसाइट बनवून देणारं एक छोटं ऑफिस होतं. गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो बारीक करणं हे तिथलं त्याचं काम.

फोटो बारीक करायचे म्हणजे काय, हे त्याच्या सासऱ्यांना लग्नापासून आजवर कळलेलं नाही, म्हणून इथे सांगून टाकलेलं बरं. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो काढतं आणि जसाच्या तसा धाडून देतं. एकेक फोटो असा खाऊनपिऊन सुखी असतो, की तसले वीस साइटवर चढवले तर पान उघडेपर्यंत बघणारा कंटाळून शेजारच्या दुकानाच्या साइटवर जातो. म्हणून तो फोटो जुन्या जेपीजी प्रकारातून काढून वेबपी नावाच्या हलक्या प्रकारात बसवायचा. बसवताना स्क्रीनवर एक पट्टी येते, शंभरापासून शून्यापर्यंत. पट्टी जितकी खाली सरकवाल, तितकं फोटोतलं बारीकसारीक गाळलं जातं आणि फोटो हलका होतो. सगळी खुबी एवढीच, की बघणाऱ्याला ज्याची उणीव भासणार नाही तेवढंच गाळायचं.

शहाणी माणसं पट्टी ऐंशीवर ठेवतात, बटण दाबतात आणि जेवायला जातात. बारीकराव त्यांतला नव्हता. एकाच्या मापाचा कोट दुसऱ्याला कसा होईल, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक फोटोचा आकडा वेगळा, आणि तो ठरवायचा तर पारखी नजर पाहिजे. ती आपल्याकडे नाही हे त्याला ठाऊक होतं. ती त्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीकडच्या खुर्चीत बसलेली असायची. ती म्हणजे त्याची आत्या.

आत्याने उभा जन्म रफू करण्यात घालवला. जिन्याखालच्या दुकानात बसून तिने लोकांचे फाटलेले कोट, इस्त्रीने जळलेल्या पँटी आणि उंदरांनी चाखलेल्या शाली अशा जोडून दिल्या, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. तिचा नियम एकच. रफू दिसलं तर कापड परत आणा. क्वचित कोणी आणलंच तर हुज्जत न घालता "माझं चुकलं" म्हणायची आणि पुन्हा करून द्यायची. एरवी हे दोन शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. बारीकरावची आई तो लहान असतानाच गेली, बाप दुसरा संसार थाटून मोकळा झाला, आणि पोर वाढलं ते त्या जिन्याखाली, दोऱ्याच्या रिळांशी खेळत. आत्याने स्वतः लग्न केलं नाही. लोकांच्या लग्नांना मात्र हौसेने जायची आणि जेवता जेवता हळूच सांगायची, "नवऱ्या मुलाच्या बापाच्या कोटाला डाव्या काखेत रफू आहे. चांगलं केलंय. पण आहे."

तर रोज संध्याकाळी लॅपटॉप टेबलावर यायचा. आत्या तोंड धुऊन, केस विंचरून, न्यायाधीश बसावा तशी ताठ बसायची. बारीकराव एका बाजूला मूळ फोटो ठेवायचा, दुसऱ्या बाजूला बारीक केलेला. कुठला कुठे ते सांगायचा नाही.

"आत्या, डावा की उजवा?"

आत्या मान पुढे काढायची. "उजव्यात काहीतरी केलंस. त्या बाईच्या केसांचा पार चिखल झालाय."

मग पट्टी थोडी वर. पुन्हा तोच प्रश्न. असं करता करता आत्या म्हणायची, "दोन्ही सारखेच," की तो आकडा पक्का. अशा फोटोला ऑफिसात 'आत्यापास' म्हणत. सुरुवातीला थट्टेनेच म्हणत. पण आत्यापास पानं झटकन उघडायची आणि फोटो आरशासारखे लख्ख दिसायचे, तेव्हा ऑफिसच्या मालकीणबाईंनी ती थट्टा उचलून धंद्यात घातली. प्रत्येक साइटच्या तळाशी लहान अक्षरांत 'आत्यापास' असं झळकू लागलं. नवीन गिऱ्हाइकं येऊन विचारायची, "आम्हाला आत्या मिळतील ना? की त्यांचे वेगळे पडतात?"

आत्याला हे सगळं ठाऊक होतं आणि मनातून प्रचंड आवडत होतं. जिन्याखालचं दुकान बंद झाल्यापासून तिला दिवस खायला उठायचा. आता दिवस कसाही जावो, संध्याकाळी तिच्या नजरेवाचून कोणाचं तरी अडलेलं असायचं.

मग आकडे उतरायला लागले.

पहिल्यांदा ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पंचाहत्तरच्या खाली गेलं की ओरडणारी आत्या साठला "सारखेच" म्हणाली. मग पन्नासला. मग चाळीसला. बारीकरावला वाटलं, आपला हात बसला. तीसवर तर पान बोट टेकवायच्या आधी उघडल्यासारखं वाटायचं. मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत त्याचं कौतुक केलं. तो घरी येऊन म्हणाला, "आत्या, हे सगळं तुझ्यामुळे."

"मग काय तुझ्यामुळे?" आत्या म्हणाली.

अडचण एकच होती. त्याला स्वतःला चौकोन दिसायचे. माणसांच्या गालांवर, भिंतींवर, निळ्या आभाळात, न्हाणीघराला टाइल्स लावाव्यात तसे लहान लहान चौकोन. दातांच्या डॉक्टरांच्या साइटवर एक तरुणी हसत होती, तिच्या तोंडात दात किती हे काही केल्या मोजता येत नव्हतं, सगळा एकच पांढरा पाट. पण आत्या म्हणत होती, सारखेच. आता आत्याला दिसत नाही असं मानायचं, की आपल्याला नसलेलं दिसतंय असं मानायचं? ज्याने बालपणापासून त्या नजरेपुढे मान तुकवली, त्याने काय मानलं ते सांगायला नको. तो चौकातल्या चष्मेवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "माझे डोळे तपासा हो. मला नको ते दिसतं."

चष्मेवाल्याने यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाला, "डोळे उत्तम आहेत तुमचे."

"असं कसं? नीट बघा."

"बघितलं. नंबरच नाही."

"मग बिननंबराचा द्या एक."

चष्मेवाला धंद्याला बसला होता. त्याने दिला.

खरी मजा पुढे आहे. चौकोन ऑफिसात सगळ्यांनाच दिसत होते. पण फोटोखाली 'आत्यापास' लिहिलेलं, आणि जे आत्याला दिसत नाही ते आपल्याला दिसतंय हे कबूल कोण करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. जो तो गुपचूप चष्मेवाल्याकडे जाऊन आला. अकाउंटवाले काका गेले, फोन घेणारी मुलगी गेली, आणि शेवटी मालकीणबाईही सोनेरी काड्यांचा चष्मा लावून आल्या आणि म्हणाल्या, "फॅशन म्हणून घेतला." अख्खं ऑफिस काचेआडून एकमेकांकडे बघत होतं आणि चौकोन होते तिथेच होते.

त्यातून चष्मेवाल्याची साइटही याच ऑफिसने बनवलेली. तिच्यावरच्या चष्म्यांचे फोटो आत्याने वीसवर पास केले होते. लोक घरी बसून ती साइट उघडायचे, समोर सगळं धूसर दिसायचं, आणि बिचारे म्हणायचे, "अरे देवा, डोळे गेले वाटतं." तडक दुकानात यायचे. दुकानाबाहेर रांग लागायला लागली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ते हे असं. चष्मेवाल्याने मालकीणबाईंना फुलांचा गुच्छ पाठवला आणि कळवलं की अशी साइट त्याने आयुष्यात पाहिली नाही. ते अक्षरशः खरं होतं.

घरात मात्र एक माणूस चष्म्यावाचून नीट बघत होतं. बारीकरावची बायको. ती बसमध्ये तिकिटं तपासायची, आणि कोण फुकट बसलंय हे तिला नुसत्या मानेवरून कळायचं. ती म्हणाली, "अरे, आत्यांना दिसत नाहीये."

"काहीतरीच!"

"काल त्यांनी खुंटीवरच्या रेनकोटाला चहा विचारला."

"चेष्टा केली असेल."

"दोनदा विचारला. मग म्हणाल्या, नको तर नको, पण तोंडाने सांगावं."

बारीकरावने कान झाकून घेतले. बायकोने मग एकदा जेवताना सरळ आत्यालाच विचारलं, "आत्या, डोळे दाखवून यायचं का एकदा? मी येते बरोबर." आत्याने चमचा खाली ठेवला. सकाळी उठून बघतात तर तिची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली, वर तिची कात्री. "आज म्हणाल आत्याला दिसत नाही," ती म्हणाली, "उद्या म्हणाल आत्या कशाला आहे. त्यापेक्षा मी आपणच जाते." कुठे जाणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. बारीकरावने ट्रंक उचलून आत नेली, बायकोकडे डोळे वटारून बघितलं आणि तो विषय घरात बंद झाला.

त्याच सुमाराला त्याचा निळा शर्ट दाराच्या कडीला अडकून उजव्या कोपरावर फाटला. आत्याने मागून घेतला, दुपारभर बसली आणि रफू करून दिला. रफू जांभळ्या दोऱ्याचं होतं, आणि मधे वाटाण्याएवढी गाठ. बारीकरावने ती गाठ बघितली. मग त्याने विचार केला की आत्याचं रफू दिसत नसतं, म्हणजे हेही दिसत नसणार. तो शर्ट घालून तो ऑफिसात जाऊ लागला. ऑफिसातल्यांनाही गाठ दिसली. त्यांनी आपापले चष्मे पुसले आणि कामाला लागले.

मग ती संध्याकाळ आली. दोन साइटचं काम एकदम चालू होतं, एक घोडेस्वारी शिकवणाऱ्यांची आणि एक न्हाणीघराचं सामान विकणाऱ्यांची. बारीकराव दमला होता. त्याने घाईघाईत दोन फोटो उघडले, लॅपटॉप आत्याकडे वळवला आणि सवयीने विचारलं, "डावा की उजवा?" आणि विचारता विचारता त्याचं स्वतःचं लक्ष गेलं. डावीकडे एक तपकिरी घोडा उभा होता. उजवीकडे हात धुवायचं बेसिन.

तो सांगायला तोंड उघडणार, तोच आत्या पुढे वाकली. तिने दिवा जरा जवळ ओढला. डोळे बारीक केले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. चांगला वेळ घेतला, कारण घाईने पास करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"सारखेच," ती म्हणाली. "उजव्याची कड किंचित मऊ झाली आहे. पण चालेल. कोणाला कळणार नाही."

एरवी घोड्याला बेसिन ठरवलेलं ऐकून माणूस हसून हसून लोळला असता. बारीकरावला हसू आलं नाही. त्याने बघितलं, आत्याचा हात टेबलावरून कप शोधत चाचपत चालला होता आणि कप होता वीतभर पलीकडे. त्याने तो हलकेच तिच्या बोटांशी सरकवला.

"मिळाला का आकडा?" आत्याने विचारलं.

"मिळाला, आत्या."

बायकोला सांगितलं तेव्हा ती "मी म्हणत नव्हते?" असं म्हणाली नाही, एवढे तिचे उपकार. चष्मेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मोतीबिंदू असणार. होतो उतारवयात, ऑपरेशनने निघतो. पण फार पिकू देऊ नका, मग काम अवघड होतं." म्हणजे वेळही दवडायची नव्हती. पण आत्याला सांगणार कोण? दिसत नाही म्हणावं तर ट्रंक भरते. न म्हणावं तर डोळे जातात. बारीकराव दोन्हीकडून अडकला आणि अडकलेला माणूस करतो तेच त्याने केलं, म्हणजे काहीच केलं नाही.

नाही, एक केलं. त्याने ऑफिसात मुकाट्याने पट्टी ऐंशीवर ठेवायला सुरुवात केली, शहाण्या माणसांसारखी. आणि संध्याकाळी घरी येऊन तो एकच फोटो दोन्ही बाजूंना लावू लागला. "डावा की उजवा?" आत्या वाकून बघायची आणि म्हणायची, "सारखेच." निदान आता ते खरं तरी होतं.

पण जुनी पानं जगात होतीच. ती फरशीवाल्या शेठच्या रूपाने जिना चढून वर आली.

फरशीवाले शेठ काखेत खरी फरशी घेऊन आले होते. ती त्यांनी मालकीणबाईंच्या टेबलावर अशी आपटली की पेनं उडाली. "ही बघा माझी फरशी! साधी, दुधी रंगाची, आत बारीक रेषा. आणि ही बघा तुमची!" त्यांनी मोबाइल पुढे धरला. साइटवरच्या फोटोत रेषा गायब होत्या आणि फरशीभर फिकट चौकोन उमटले होते. "एका हॉटेलवाल्याला हे चौकोन पसंत पडले. अख्ख्या हॉटेलची ऑर्डर दिली त्याने. म्हणतो, हेच डिझाइन पाहिजे. कुठून आणू मी? माझ्या दुकानात नाही, माझ्या कारखान्यात नाही, जगात नाही!"

सगळ्यांनी चष्मे सावरून आधी फरशीकडे, मग फोटोकडे बघितलं.

"मला तर सारखंच वाटतंय," अकाउंटवाले काका चाचरत म्हणाले.

"सारखं?" शेठ किंचाळले. "सगळं ऑफिसच आंधळं आहे की काय?"

मालकीणबाई ताठ झाल्या. "शेठ, हा फोटो आत्यापास आहे. आत्याबाईंनाच विचारू. त्या म्हणतील तो शेवटचा शब्द. त्या चूक म्हणाल्या तर ज्याने चूक केली त्याला मी आजच्या आज घरी पाठवते." आणि त्यांनी बारीकरावच्या घरी फोन लावला.

बारीकराव तेव्हा खालच्या टपरीवर चहा प्यायला गेला होता. वर येऊन बघतो तर ऑफिसच्या मधोमध, सगळ्यात चांगल्या खुर्चीत, आत्या. टॅक्सीने आली होती. केस विंचरलेले, ठेवणीतले कपडे. आजूबाजूला सगळी मंडळी हात बांधून उभी. जन्मात कोणी तिला असं बोलावून, खुर्ची पुढे करून मत विचारलं नव्हतं. तिचा चेहरा बघून बारीकराव दारातच थांबला. आता इथे, एवढ्या माणसांसमोर, तिची शोभा होणार होती, आणि ती घडवून आणणारा तो स्वतः होता.

"आत्याबाई," मालकीणबाई म्हणाल्या, "ही फरशी आणि हा तिचा फोटो. सारखे आहेत का?"

आत्या वाकली. फरशीवरून तिने बोटं फिरवली, रफूआधी कापडावरून फिरवायची तशीच. मग मोठ्या स्क्रीनकडे हात नेला आणि काचेवरूनही फिरवली. दोन्ही गुळगुळीत.

"मॅडम!" बारीकराव ओरडला. "माझं चुकलं. हा फोटो मी आत्याला दाखवलाच नव्हता. आळस केला. घरी पाठवायचं तर मला पाठवा. आत्या, ऊठ, चल."

"बस खाली," आत्या म्हणाली.

"आत्या, ऐक ना..."

"बस म्हटलं ना. एवढं मोठं केलं ते चारचौघांत खोटं बोलायला?" ती उठली नाही, पण आवाज जिन्याखालच्या दुकानातला होता. "फोटो मी बघितला होता. बघितला म्हणजे समोर धरला होता त्याने. मला दिसत नाही. वरीस झालं असेल. समोर नुसतं दूध पसरल्यासारखं असतं." "हे रफू माझं आहे. रफू दिसलं की कापड परत घ्यायचं असतं. माझं चुकलं."

शेठनी टेबलावरची फरशी हळूच उचलून हातात घेतली.

"आणि तू रे," ती बारीकरावच्या दिशेला वळली, जरा चुकीच्या दिशेला, म्हणजे फोन घेणाऱ्या मुलीकडे. "हल्ली एकच फोटो दोनदा लावतोस. आधी मधेमधे पट्टी सरकवताना टिचक्या वाजायच्या. आता वाजत नाहीत. मला काय कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेला असतास. तेवढाच एक तास बसतोस माझ्याजवळ."

बारीकरावला रडू फुटणार, एवढ्यात मागे टक् असा आवाज झाला. अकाउंटवाल्या काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"म्हणजे," काका म्हणाले, "चौकोन आहेत?"

"आहेत ना!" फोन घेणारी मुलगी म्हणाली, आणि तिनेही चष्मा काढला. "मला वाटलं मलाच दिसतात!"

"मला तर स्वप्नात पण दिसायचे," मालकीणबाई म्हणाल्या आणि सोनेरी काड्यांचा चष्मा त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला, मग किंमत आठवून परत काढला. ऑफिसात अशी काही सुटका झाली, की माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. काका बारीकरावच्या कोपराकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ती गाठ? ती जांभळी गाठ पण आहे?" बारीकरावने चटकन बाही मुडपली आणि डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

शेठ मात्र मधोमध फरशी धरून उभेच होते. रागवायचं तर कोणावर, हेच त्यांना कळेना. शेवटी ते आत्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माझ्या आईचंही असंच होतं. तिने आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही." मग उठून त्यांनी कारखान्यात फोन लावला आणि विचारलं की दुधी फरशीवर फिकट चौकोन काढता येतील का. येत होते. आता त्या फरशीचे दुकानात ढीग लागलेत आणि सगळ्यात जास्त तीच खपते.

आत्याची ट्रंक पुन्हा भरली गेली, ती दवाखान्यात जायला. तिकडे ती डॉक्टरांना म्हणाली, "टाका घालणार असाल तर आधी मला दाखवा," आणि डॉक्टर म्हणाले की हल्ली टाका लागत नाही, तर तिला ते काम कच्चं वाटलं. इकडे बारीकरावने जुने फोटो पुन्हा काढून एकेक बदलले. सगळ्यांना बरं वाटलं, फक्त चष्मेवाल्याचा रडवेला फोन आला. साइट स्वच्छ झाल्यापासून दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं. जुने फोटो परत मिळतील का, असं तो विचारत होता.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आत्या घरी आली आणि दारातच थांबली. "भिंतीला हा रंग कोणी निवडला?" मग बारीकरावच्या बायकोला जवळ ओढून चेहरा निरखला. "सूनबाई, किती वाळलीस गं. हा तुझ्या वाटचंही खातो वाटतं." मग खुंटीवरच्या रेनकोटाकडे बघितलं, बराच वेळ. "ह्याला मी चहा विचारला होता?"

"दोनदा," बायको म्हणाली.

"मेला बोलला नाही ते बरोबरच होतं म्हणजे."

संध्याकाळी ती तोंड धुऊन, केस विंचरून खिडकीकडच्या खुर्चीत येऊन बसली. बारीकरावने लॅपटॉप आणला आणि शेजारी बसला. फोटो उघडायला त्याने हात पुढे केला आणि तो हात आत्याने वरच्यावर धरला. तो निळा शर्टच घालून आला होता. आत्याने कोपर दिव्याखाली ओढलं. जांभळा दोरा, वेडेवाकडे टाके, मधे वाटाण्याएवढी गाठ. तिचं बोट गाठीवर थांबलं. ते बोट त्या गाठीला ओळखत होतं.

"हे घालून तू ऑफिसात जात होतास?"

"काय घालून?"

"हे. हे कोपर."

बारीकरावने दोन्ही कोपरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, डावं आणि उजवं. मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि अगदी आत्यासारखा वेळ घेऊन एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"सारखीच आहेत," तो म्हणाला.

आत्याच्या नव्या डोळ्यांतून पाणी यायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तरी ते आलं. तिने ते पुसलं, त्याच्या बाहीलाच.

"उद्या त्या चष्मेवाल्याकडे जा," ती म्हणाली, "आणि डोळे तपासून ये."